न मांडलेला हिशेब

'स्मृतिचित्रां'चा विषय निघाला की मराठी वाचकाच्या चेहऱ्यावर आधी हसू येते. सोवळ्याने झपाटलेले वडील, घरात शिधा आहे की नाही याची दाद नसलेले आणि हाती आलेला पैसा पहिल्या गरजूच्या ओंजळीत टाकून मोकळे होणारे टिळक, आणि या साऱ्यांच्या मध्ये उभ्या राहून कधी रडणाऱ्या, कधी भांडणाऱ्या, पण बहुधा हसणाऱ्या लक्ष्मीबाई. ही चित्रे आपल्या ओळखीची आहेत. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्याला नव्वद वर्षे उलटून गेली, तरी आजही एखाद्या घरात कोणी ते मोठ्याने वाचू लागले तर शेजारच्या खोलीतले माणूस हातचे काम टाकून दाराशी येऊन उभे राहते. असे भाग्य मराठीत फार थोड्या आत्मचरित्रांच्या वाट्याला आले आहे.

परंतु या पुस्तकाचे वाचक दोन तऱ्हेचे आहेत आणि दोघेही ते अर्धेच वाचतात, अशी माझी तक्रार आहे. बहुसंख्य हिंदू वाचक त्यातला संसार वाचतो, विनोदाला मनापासून दाद देतो आणि धर्माची पाने आली की जरा भरभर उलटतो. ख्रिस्ती वाचक नेमका त्याच पानांवर थांबतो, त्यांत धर्मांतराची साक्ष शोधतो आणि विनोदाला तोंडी लावण्याची जागा देतो. माझ्या मते या पुस्तकात विनोद आणि विश्वास वेगळे काढताच येत नाहीत. संकटात देवावर भरवसा ठेवणे म्हणजे काय, या प्रश्नाला मराठीत मिळालेले एक अत्यंत प्रामाणिक उत्तर तेथे आहे, आणि ते त्या हसण्यातूनच आले आहे.

हे नीट कळण्यासाठी ख्रिस्ती समाजात रूढ असलेल्या 'साक्ष' या प्रकाराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. मंडळीपुढे उभे राहून किंवा लिहून, देवाने आपल्याला कसे सांभाळले हे सांगणे म्हणजे साक्ष. तिचा घाट ठरलेला असतो: संकट आले, प्रार्थना केली, वाट निघाली. मागे वळून पाहिले म्हणजे आयुष्यातला प्रत्येक खाचखळगा कोणीतरी आखलेल्या रस्त्यावरचाच होता असे दिसू लागते. या प्रकारातले थोर उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण १८७४ ते १८७६ या दोन-तीन वर्षांत दुष्काळाच्या हालअपेष्टांनी गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, तेव्हा या साऱ्या मृत्यूंच्या पलीकडे त्यांना ईश्वराचा हात स्पष्ट दिसत होता. केडगावचे मुक्तिसदन पाहिल्यावर आपल्यालाही तो नाकारवत नाही. जिने स्वतः उपासमार भोगली, तिने १८९६-९७ च्या दुष्काळात अन्नान्न झालेल्या मुली शोधून आणल्या, यात काही सूत्र नाही असे कोणी म्हणावे? पुढे १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर रमाबाईंनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा ते काम त्यांच्या हातून पुरे झालेले होते. असा विश्वास पाहिला की मान आपोआप लवते.

मात्र हा घाट रमाबाईंच्या हाती शोभला, तसा सर्वांच्या हाती शोभत नाही. लहान माणसाच्या हाती तो गेला की दुःखाचा जमाखर्च होऊन बसतो. अमुक गेले, पण त्याच्या बदल्यात तमुक मिळाले. तेव्हा खाते चुकते झाले, आता रडायचे कारण नाही. ज्याचे दुःख अजून ओले आहे त्याच्यापुढे असला हिशेब मांडणे ही क्रूरता होते, मग मांडणारा कितीही भाविक असो.

लक्ष्मीबाईंनी हा हिशेब मांडला नाही. तो मांडण्याची सोय त्यांना भरपूर होती. नागपूरहून राजनांदगावला जाताना १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन ओढले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तीन-चार वर्षांच्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पुढची चार-पाच वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली, काही काळ पंढरपुरात काढला. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. कपाळी कुंकू, पण त्या कुंकवाचा अर्थ विचारायला टपलेले जग. त्या दिवसांनी त्यांना जवळजवळ वेडे केले, आणि त्याच दिवसांनी त्यांना कविता करायला लावली.

आता हे लिहिले केव्हा, ते पाहा. दत्तूचे देवदत्तपंत झाले. वडिलांच्या चरित्रासाठी त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितल्या आणि त्या 'संजीवनी'तून छापल्या जाऊ लागल्या, तेव्हा लक्ष्मीबाईंना ख्रिस्ती होऊन तीस वर्षांवर काळ लोटला होता. ज्या श्रद्धेसाठी टिळक घर सोडून गेले, ती आता त्यांचीही श्रद्धा होती. त्या वियोगाला देवाची योजना म्हणून मोकळे होणे किती सोपे होते! वाचणाऱ्या मंडळींनाही ते आवडले असते. पण १८९५ सालच्या त्या टाकलेल्या ब्राह्मण बाईचा आक्रोश त्यांनी होता तसा ठेवला. पुढचे शहाणपण मागच्या जखमेवर बांधून ती झाकली नाही. टिळकांनी केले ते खऱ्यासाठी केले असे त्या मानतात, आणि त्याची किंमत आपण दिली हेही लपवीत नाहीत. ही दोन सत्ये त्यांनी शेजारी शेजारी ठेवली आहेत. एकाने दुसऱ्याची वजाबाकी केलेली नाही.

त्यांच्या स्वतःच्या मनाचा पालट कसा झाला तेही पाहण्याजोगे आहे. टिळकांकडे परतल्यावर त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी, त्यांची चूल वेगळीच होती. ते सुटले ते काही चमत्काराने नव्हे, संकटात केलेल्या नवसानेही नव्हे. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. देवाने केली असती तर जन्मामरणात, हाडामांसात कोठेतरी फरक दिसला असता. तो दिसत नाही, म्हणून ती माणसाचीच करणी, असे उत्तर त्यांनीच काढले. मग कोणाच्याही हातचे खाण्याची तयारी झाली. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांच्या वडिलांना, आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाल्यापासून, सोवळ्याचे वेड लागले होते, त्या मुलीने सोवळे सोडले ते असे घरगुती तर्कशास्त्र लढवून. देवाचे वचन त्यांच्यापर्यंत गडगडाटात आले नाही. ते स्वयंपाकघराच्या वाटेने आले.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि टीकाकाराने तो टाळू नये. टिळकांचा देवावर अपार भरवसा होता. उद्याची चिंता करू नये ही शुभवर्तमानातली शिकवण त्यांनी अक्षरशः पाळली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत, आणि संसाराविषयीची तुकोबांची बेफिकिरीही त्या पुलावरून त्यांच्याबरोबर आली. १९१७ साली साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापताना मिशनचा पगार सोडण्याची हिंमत या भरवशातूनच आली. पण पुरुषाने देवावर हवाला टाकला म्हणजे संध्याकाळच्या भाकरीचा हवाला कोणावर पडतो? तुकोबांच्या घरी तो आवलीवर पडला, टिळकांच्या घरी लक्ष्मीबाईंवर. दान देणाऱ्याला देव दिसतो. डबा उघडणाऱ्या बाईला डब्याचा तळ दिसतो. विश्वासावरच्या आपल्या पोथ्यापुराणांत पहिल्याचे पोवाडे पुष्कळ आहेत. दुसरीचे म्हणणे काय, ते 'स्मृतिचित्रां'त ऐकू येते.

ते म्हणणे हसत सांगितलेले आहे. या हसण्याचा अर्थ मी असा लावतो. ज्या बाईला वाटते की आता सारे बुडाले, ती हसू शकत नाही. जिला वाटते की सारे आपल्यालाच सावरायचे आहे, तीही हसू शकत नाही. ती कडवट होते. रिकाम्या डब्याकडे पाहून हसायला, डबा रिकामा आहे हे कबूल करावे लागते आणि तरी आपल्या पाठीशी कोणी आहे हेही आतून ठाऊक असावे लागते. लक्ष्मीबाईंच्या विनोदाखाली ही दोन्ही आहेत. म्हणून तो टिळकांना ओरबाडत नाही आणि देवाची खुशामतही करीत नाही.

एक उणीव मात्र मला जाणवते. हे हसू कधीकधी फार लवकर येते. अपत्यांच्या मृत्यूंसारख्या प्रसंगांपाशी लेखणी थोडक्यात आटोपून पुढे निघते. तेथे आणखी क्षणभर थांबायला हवे होते असे वाटते. टिळकांना आणखी चार प्रश्न विचारायला हवे होते असेही वाटते. कदाचित त्या पिढीच्या बाईला जगण्यासाठी तेवढे हसणे आवश्यकच असेल. तरी वाचकाने ते हसणे म्हणजे दुःख नव्हतेच, असे समजू नये.

पवित्र शास्त्रात ईयोबाचे पुस्तक आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ईयोब हा सज्जन माणूस. एकामागून एक घाले येऊन त्याची संपत्ती जाते, मुलेबाळे जातात, शेवटी अंगभर गळवे उठतात. आपल्या हरिश्चंद्राची आठवण व्हावी अशी ही कथा. पण हरिश्चंद्र निमूट सोसतो आणि ईयोब देवाशी भांडतो. त्याचे तीन मित्र समाचाराला येतात. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने बसतात, आणि त्यांच्या हातून घडलेले चांगले कृत्य तेवढेच. नंतर ते बोलू लागतात: देव न्यायी आहे, तेव्हा तुझे काहीतरी चुकलेच असेल. अध्यायामागून अध्याय हेच चालते. शेवटी वावटळीतून देव बोलतो. पण ईयोबावर हे का ओढवले, ते तो सांगत नाही. पृथ्वीचा पाया, समुद्राच्या मर्यादा, रानातली जनावरे यांच्याविषयीच तो बोलतो, आणि मग आपली बाजू घेणाऱ्या त्या मित्रांवरच रागावतो. भांडणारा ईयोब खरे बोलला. दुःखाचा अर्थ परस्पर लावून देणारे मित्र खोटे बोलले, असा त्या पुस्तकाचा निवाडा आहे.

'स्मृतिचित्रे' वाचताना मला हा निवाडा वारंवार आठवतो. लक्ष्मीबाई त्या मित्रांच्या बैठकीवर कधी जाऊन बसत नाहीत. अहमदनगरच्या प्लेगच्या दिवसांत त्या आजारी मुलींच्या शुश्रूषेला राहिल्या. प्लेग हा कोणाच्या पापाचा कोप, याची चर्चा तेव्हा सर्व धर्मांत चालू होती. लक्ष्मीबाईंना तिच्याशी कर्तव्य नव्हते. मुली होत्या, त्यांना ताप होता आणि कोणीतरी उशाशी बसायला हवे होते. देवावरचा त्यांचा भरवसा असा हातांत दिसतो, आणि म्हणून वेगळा धर्म पाळणाऱ्या घरातही त्याची भाषा कळते. आपल्याकडे दुःखाला प्रारब्ध म्हणतात, संचित म्हणतात. ख्रिस्ती घरात परीक्षा म्हणतात. शब्द कोणताही असो, तो दुसऱ्याच्या दुःखावर ठेवण्याआधी जीभ आवरावी, एवढे या पुस्तकातून कोणालाही शिकता येईल.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य थोडेसेच लिहून झाले होते. ज्यांना अक्षरओळख टिळकांनी लग्नानंतर करून दिली, त्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि पुरे केले. त्यातले बरेचसे लेखन त्यांचेच आहे. नवऱ्याच्या देवाशी ज्यांनी एके काळी उभा दावा मांडला होता, त्यांनीच त्या देवाचे चरित्र ओवीओवीने लिहीत नेले. याहून मोठी साक्ष कोणती असेल? आणि तरी त्या ती साक्ष म्हणून मिरवीत नाहीत.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या तेव्हा 'स्मृतिचित्रां'चा चौथा भाग अपुरा होता. शेवट मुलाने लिहिला. दिवाळीच्या सुट्टीत घरात चार पिढ्या एकत्र आल्या असतील, तर एखाद्या दुपारी फराळ आटोपल्यावर हे पुस्तक काढावे आणि कोणा मोठ्या आवाजाच्या माणसाकडे वाचायला द्यावे, अशी माझी शिफारस आहे. मुले हसतील, त्यांना हसू द्यावे. १८९५ सालाची पाने आली की घरातल्या एखाद्या आजी गप्प होतील. त्या वेळी वाचणाऱ्याने जरा थांबावे, काही विचारू नये, आणि त्या पुढे वाच म्हणाल्या की पुढे वाचावे.