मराठी मुद्रणातील अखंड जागा : स्वयंचलनाची एक चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकीय अक्षरजुळणीत दोन शब्दांमधील साध्या जागेपाशी ओळ तुटू शकते. ‘अखंड जागा’ मात्र दोन्ही शब्दांना एकाच ओळीत राखते. युनिकोडमध्ये तिचा क्रमांक १६० आहे. फ्रेंच मजकुरात उद्गारचिन्हापूर्वी अशी जागा काही शब्दसंस्कारक आपोआप घालतात. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांचा भर मात्र अनुस्वार व ऱ्हस्व-दीर्घावर आहे. ओळ कोठे तुटावी, हा त्यांचा विषय नाही. प्रस्तुत टिपणात पालघर, बोईसर व तारापूर परिसरातील नित्याच्या मजकुराच्या आधारे या स्वयंचलनाचा विचार केला आहे.

विवेचन :
दि. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हापासून बोईसरच्या पत्त्यात ‘ता. पालघर, जि. पालघर’ असे एकच नाव दोनदा येते. ‘ता.’ ओळीअखेर राहून ‘पालघर’ पुढील ओळीत गेल्यास ते तालुक्याचे नाव की जिल्ह्याचे, हे पाहण्यासाठी वाचकास मागे वळावे लागते. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांची प्रत्येकी ‘५४० मेगावॉट’ ही क्षमताही आकडा व एकक विलग झाल्यास अडखळत वाचली जाते.

‘ता.’ पुढील प्रत्येक साधी जागा अखंड करावी, हा उपाय सोपा असला तरी सदोष आहे. ‘रस्ता बंद होता. पालघरहून गाडी निघाली नाही.’ येथे ‘होता.’ या शब्दाच्या अखेरीसही ‘ता.’ आहेच. शब्दसीमेची अट घातली तरी दोष उरतो. पायथॉन भाषेची प्रमाणित शोधव्यवस्था काना, मात्रा, वेलांटी व हलन्तचिन्ह यांना शब्दाचा घटक मानत नाही. त्यामुळे ‘होता’, ‘कविता’ व ‘सत्ता’ या शब्दांतील ‘ता’ तिला स्वतंत्र वाटतो. ‘जनता’ तेवढी सुटते. अशी चूक डोळ्यांना दिसत नाही. केवळ ओळीतील शब्द विरळ होतात आणि मुद्रितशोधकास कारण उमगत नाही.

म्हणून ‘ता.’ पूर्वी मोकळी जागा, कंस किंवा परिच्छेदारंभ असेल, तरच बदल व्हावा. तसेच संक्षेप व त्यापुढील नाव एवढेच बांधावे. स्वल्पविरामानंतर ओळ तुटू द्यावी. संपूर्ण पत्ता बांधल्यास अरुंद स्तंभात ओळीची रचना बिघडते.

निष्कर्ष :
आज्ञावली नियम पाळते, नियम ठरवीत नाही. कोणते शब्द अविभाज्य मानावेत, हा प्रश्न प्रथम मराठी लेखनव्यवहाराचा आहे आणि नंतर संगणकाचा. महाविद्यालयांतील मराठी विभागांनी अशा संक्षेपांची व एककांची निश्चित सूची सिद्ध केल्यासच स्वयंचलन विश्वसनीय ठरू शकेल.