मराठी कथेतला पगार

मराठी कथा-कादंबरीतल्या नायकाला नोकरी असते, पण पगारवाढ नसते. विधान थोडे धाडसी आहे; परंतु वीस-पंचवीस वर्षांच्या वाचनानंतर ते मागे घ्यावेसे मला वाटत नाही. पहिल्या प्रकरणात लेखक नायकाचा पगार सांगतो. हेतू एवढाच, की लग्नाच्या बाजारात तो कोणत्या पायरीवर उभा आहे हे वाचकास कळावे. पुढे त्याचे लग्न होते, मुले होतात, मनात वादळे उठतात आणि शमतात. पगार मात्र पहिल्या प्रकरणातच राहून जातो. जणू नायकाचे केस पांढरे होईपर्यंत तेलाचा डबा, शाळेची फी आणि खोलीचे भाडे ही सारी जागच्या जागी त्याची वाट पाहत थांबलेली असतात!

मी धंद्याने शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. अर्थशास्त्रातला अधिकार मी सांगत नाही. पण मास्तराला शेकडेवारी येते, आणि एवढ्यापुरती ती पुरे आहे. समजा, एका गृहस्थाचा पगार ४०,००० रुपये. दर वर्षी त्याला ३ टक्के वाढ मिळते आणि बाजारभाव ६ टक्क्यांनी चढतात. पाच वर्षांनी त्याच्या हाती ४६,३७१ रुपये पडतील. पण त्यात माल येईल तो जुन्या भावाने सुमारे ३४,६५० रुपयांचा. म्हणजे पाच वेळा पगारवाढ मिळून हा गृहस्थ पाच वेळा थोडाथोडा गरीब झाला, आणि पाचही वेळा त्याने कचेरीत पेढे वाटले! कथालेखकाला याहून चांगले बीज कोणते हवे?

आता हे बीज कुणालाच दिसले नाही असे नाही. पु. ल. देशपांड्यांचा धोंडो भिकाजी जोशी घ्या. 'असा मी असामी' (१९६४) मधला हा कारकून बदलत्या काळामागे धापा टाकत धावतो, आणि आपण हसतो. ते हसणे अस्सल आहे. पण पुलंच्या मागून आलेल्या अनुकरण करणाऱ्यांनी ओढग्रस्तीचा एक दागिनाच करून टाकला. महिनाअखेर आली की विनोद करायचा, हा जणू मध्यमवर्गाचा कुळाचार झाला. आणि ज्याला हसून घेता येते त्याचा जाब कुणी विचारीत नाही.

दुसऱ्या टोकाला जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर पगार थांबला आणि घर कसे विस्कटले, हे त्यात अंगावर येते. नारायण सुर्वे स्वतः गिरणीत राबलेले, पुढे शाळेत शिक्षक झालेले. भाकरीचा प्रश्न त्यांनी कवितेच्या मध्यभागी आणून ठेवला. ही मोठी कामे आहेत. तरीही माझी तक्रार उरतेच. तुटपुंज्या पगारावर आपण हसलो, आणि बुडालेल्या पगारावर रडलो. पण नियमाने मिळणारा, दर वर्षी वाढणारा आणि तरीही झिजत जाणारा पगार अजून कुणी नीट लिहिलेला नाही. बहुतेकांचे आयुष्य तर त्यातच जाते.

याचे एक कारण आपल्या भाषेत आहे. वेतनवाढ आणि महागाई भत्ता या दोन निरनिराळ्या गोष्टी. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे केंद्राच्या नोकराला वर्षाला ३ टक्के वेतनवाढ मिळते; ती वर्षभराच्या अनुभवाची. महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाकडे पाहून जानेवारी आणि जुलैपासून ठरतो. ती झालेल्या झिजेची भरपाई. पण भत्ता दिवाळीच्या तोंडावर जाहीर झाला, की वर्तमानपत्रे लिहितात, 'कर्मचाऱ्यांना दिवाळी भेट'! भेट देणाऱ्याच्या मर्जीवर असते, भरपाई नसते. जानेवारी २०२० ते जून २०२१ असे अठरा महिने हा भत्ता गोठवला गेला. जुलै २०२१ पासून तो १७ वरून २८ टक्के झाला, परंतु मधल्या काळाची थकबाकी मिळाली नाही. भरपाईला एकदा भेट म्हटले, की ती न मिळाल्याची दाद कुठे मागायची?

पूर्वीचे कामगार या बाबतीत अधिक जागरूक होते. १९६३ साली मुंबईचा निर्देशांकच भाववाढ कमी दाखवतो, म्हणून शहरात असंतोष उसळला. सरकारला लकडावाला समिती नेमावी लागली आणि समितीने आकड्यात दुरुस्ती सुचवली. एका आकड्यासाठी रस्त्यावर उतरलेली ही माणसे एखाद्या कादंबरीला सहज पुरली असती.

कुणी म्हणेल, साहित्याने शाश्वत मूल्यांकडे पाहावे, वाण्याच्या यादीकडे नव्हे. पण शाश्वत मूल्ये राहतात कुठे? एका घरात दोन भाऊ. एकाला निर्देशांकाचा आधार आहे, दुसरा मालकाच्या लहरीवर. आईच्या औषधाचे पैसे निम्मे-निम्मे ठरलेले. दहा वर्षांनी ते निम्मे दोघांना सारखे उरेल काय? धाकट्याचा स्वाभिमान, थोरल्याची दया, जावांचे टोमणे, सारे त्या निम्म्यात आहे. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही तेच. एकाच फळ्यावर एकच धडा शिकवणारे दोघे; एक कायम, दुसरा शिक्षणसेवक. प्राथमिक शाळेतल्या या सेवकाचे मानधन महिना ६,००० रुपयांवर वर्षानुवर्षे थांबून होते; २०२३ मध्ये ते १६,००० झाले. त्या मधल्या वर्षांत चहाचे पैसे कोण देत असे, आणि देताना कुणाची नजर कुठे असे, हे लिहायला मोठा प्रतिभावंत लागत नाही. नजर लागते.

या दिवाळीत आपण अनेक कथा वाचाल. एखाद्या नायकाला नोकरी लागलेली दिसली, तर लेखकाला एवढेच विचारा : पुढच्या वर्षी त्याला काय मिळाले, आणि त्यात काय आले?