क्रिकेटची मराठी परिभाषा आणि श्रेष्ठत्वाचा निकष

आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा इतिहास मराठी वाचकापर्यंत पोहोचला तो वृत्तपत्रांची क्रीडापृष्ठे, खेळाडूंची चरित्रे आणि आकाशवाणीवरील धावती वर्णने यांच्या द्वारे. मेहकर अथवा मोताळा येथील रसिकाला नागपूर किंवा मुंबई गाठून कसोटी सामना पाहणे क्वचितच शक्य होते. बुलढाणा जिल्ह्यात तरी हा खेळ पाहण्याआधी ऐकला गेला, असे म्हणावयास हरकत नाही. जो खेळ शब्दांतून कळतो, त्यातील थोरवीही शब्दांतूनच ठरते. म्हणून क्रिकेटची मराठी परिभाषा श्रेष्ठ खेळाडूंचे मूल्यमापन कितपत यथार्थ रीतीने करू देते, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या परिभाषेचे गुण पाहू. ‘गोलंदाज’ हा शब्द तोफखान्यातून आला. ‘अंदाज’ या फारसी पदाचा अर्थ येथे फेकणारा असा आहे. ‘तिरंदाज’ या शब्दातही तोच आहे. ‘गोलंदाजा’च्या सादृश्याने ‘फलंदाज’ घडला. फलंदाज फळी फेकीत नाही, तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा शब्द सदोषच. परंतु जोडीने आलेले शब्द जोडीनेच रुळतात, या नियमाने तो पक्का झाला. ‘पायचीत’, ‘धावचीत’, ‘यष्टिचीत’ यांतील ‘चीत’ कुस्तीच्या आखाड्यातील आहे, ‘बाद’ हिशेबाच्या वहीतील आहे, तर ‘त्रिफळा’ या शब्दाने हिरडा, बेहडा व आवळा यांची आठवण देत तीन यष्ट्यांची गंमतही केली आहे. इंग्रजीतील ‘विकेट’ हा एकच शब्द तीन अर्थांचे ओझे वाहतो. मराठीने ते ‘यष्टी’, ‘बळी’ आणि ‘खेळपट्टी’ असे वाटून दिले. या एका ठिकाणी तरी आपली परिभाषा मूळ भाषेहून अधिक काटेकोर आहे. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी अशी शब्दसंपदा कानाला इतकी सवयीची केली की, ती परक्या खेळाची आहे याचाच विसर पडावा.

आता मर्यादा. पहिली मर्यादा किरकोळ, पण बोधप्रद आहे. ‘षटक’ म्हणजे सहांचा समूह. परंतु १८७७ साली मेलबर्न येथे पहिला कसोटी सामना झाला तेव्हा षटकात चार चेंडू होते, आणि ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत ते आठ चेंडूंचे असे. सांगलीच्या विजय हजारे यांनी जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके झळकावली, ११६ आणि १४५. ती ज्या ‘षटकां’त झाली ती आठ चेंडूंची होती. एका काळाचा नियम शब्दात गोठवला की मागचा इतिहास त्या शब्दात नीट बसत नाही, एवढेच यावरून दिसते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. आपले शब्द घटनेचे आहेत, प्रक्रियेचे नाहीत. चौकार, षटकार, शतक, बळी हे सारे क्षणात घडणारे आणि मोजता येणारे. नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडू यांनी १९२६ साली मुंबईत एम.सी.सी. संघाविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा केल्या. ही खेळी मराठी वर्णनाला सहज पेलते, कारण तिच्यासाठी शब्द तयार आहेत. परंतु नाशिकच्या बापू नाडकर्णी यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध जे केले त्याचे काय? ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. त्यांत सलग २१ षटके निर्धाव. ‘निर्धाव’ हा शब्द केवळ धावांचा अभाव सांगतो. अचूकतेची जी साधना त्या अभावामागे होती, तिला आपल्याकडे नाव नाही. सुभाष गुप्ते यांच्या बाबतीतही हेच घडते. ३६ कसोट्यांत १४९ बळी, त्यांत १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध एका डावात १०२ धावांत नऊ, हे आपण सांगतो. चेंडू हवेत किती वेळ तरंगला, फलंदाज कोठे फसला, हे सांगू लागलो की ‘फिरकी’ आणि ‘उंची’ या दोन शब्दांपलीकडे फारसे जाता येत नाही. ‘गुगली’ तर मूळ नावानेच मराठीत आली.

‘शतक’ या शब्दाचा जुलूम याहून मोठा आहे. मार्च १९८७ मध्ये बंगलोर येथे, आपल्या अखेरच्या कसोटीत, पाकिस्तानविरुद्ध भीषण वळणाऱ्या खेळपट्टीवर सुनील गावसकर यांनी ९६ धावा केल्या. भारत १६ धावांनी हरला. जाणकार ही खेळी गावसकरांच्या श्रेष्ठ खेळींत गणतात; मराठी वाक्य मात्र ‘शतक हुकले’ असे होते. जे साधले त्याचे वर्णन, जे साधले नाही त्याच्या नावाने करावयाचे, ही भाषेची सवय आहे आणि ती समीक्षेला घातक आहे. ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी किंवा सचिन तेंडुलकर यांची शंभर आंतरराष्ट्रीय शतके अलौकिकच आहेत. पण ती थोरवीचा पुरावा आहेत, थोरवीचे वर्णन नव्हेत.

तिसरी मर्यादा ‘कसोटी’ या सुंदर शब्दात दडलेली आहे. कसोटी म्हणजे सोने घासून पाहण्याचा दगड. इंग्रजी शब्दाचे इतके नेमके भाषांतर क्वचितच झाले असेल. परंतु भारताचा पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर झाला. त्यापूर्वीचे सोने या दगडापर्यंत गेलेच नाही. दि. ब. देवधर हे संस्कृतचे अध्यापक. नायडूंच्या त्या खेळीच्याच दौऱ्यात, एम.सी.सी.विरुद्धच, त्यांनी १४८ धावा केल्या. पुढे १९३९-४० व १९४०-४१ या लागोपाठच्या वर्षी महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला. त्यांच्या नावापुढे कसोट्यांचा आकडा शून्य आहे. पालवणकर बाळू यांची कथा अधिक बोचरी. चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी मिळविले. जिमखान्यात त्यांच्या चहाचा पेला निराळा असे, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. १९२३ साली ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. या विठ्ठलांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहिले. इतिहास आंतरराष्ट्रीय कसोट्यांपासून सुरू केला की बाळू त्यातून आपोआप गळतात, आणि त्यांना गाळणाऱ्या समाजाचा उल्लेखही टळतो. येथे परिभाषा निरुपद्रवी राहत नाही.

यावर नवे शब्द टांकसाळीत पाडणे हा उपाय नव्हे. मराठीपाशी साधन आहे. कुस्तीत डाव टाकण्याआधीची झुंज सांगणारे शब्द आहेत, शेतीत वाट पाहण्याचे आहेत, गायनात विलंबित लयीचे आहेत. क्रिकेटने आखाड्यातून ‘चीत’ तेवढा उचलला आणि त्याआधीची झुंज तेथेच सोडली. चिखली, खामगाव, लोणार येथील मैदानांवर मुले ‘बाद’ न म्हणता ‘आउट’ म्हणतात, हेही ध्यानी घ्यावे. छापील परिभाषा आणि बोलीतील परिभाषा यांतील अंतर हा पदव्युत्तर प्रबंधाचा विषय आहे, तो हलका मानण्याचे कारण नाही. २०१७-१८ पासून विदर्भाने तीन वेळा रणजी करंडक जिंकला आहे. या भागातील खेळाडूंचा इतिहास आता लिहिला जाईल, आणि तो केवळ धावफलकाची प्रत होऊ नये.

मराठीने खेळाच्या धावत्या वर्णनाला ‘समालोचन’ म्हटले आणि ग्रंथाच्या परीक्षणालाही तोच शब्द वापरला. हा योगायोग असला तरी तो जबाबदारी घालणारा आहे. काय झाले हे धावफलक सांगतोच. ते कसे घडले आणि कोणाला घडवू दिले गेले नाही, हे सांगणे समालोचकाकडे उरते.