संगणकाच्या स्मृतीचा धडा : एक तक्रार

शालेय संगणक-पुस्तकांतील स्मृतीवरचा धडा बहुधा एका तक्त्याने सुरू होतो आणि त्या तक्त्यातच संपतो. डावीकडे रॅम, उजवीकडे रॉम. एक तात्पुरती, दुसरी कायमची. परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न ठरलेला. तक्ता अगदीच चुकीचा आहे असे नाही. त्यावरून विद्यार्थ्याला काय कळते, हा आमचा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो असता तेथील संगणक फार मंद चालतात असे ऐकले. शाळेने पालकांकडून वर्गणी काढून मोठ्या क्षमतेच्या हार्ड डिस्क बसवल्या होत्या. "मेमरी वाढवली, तरी काही फरक नाही," असे तेथील शिक्षक म्हणाले. डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत होता. कमतरता रॅमची होती आणि पैसे डिस्कवर गेले होते! तक्ता सर्वांना पाठ होता, पण रॅम आणि डिस्क यांचे नाते त्यात कुठेच नव्हते.

हे नाते समजावयास कठीण नाही. प्रोग्रॅम चालतो तो रॅममध्ये. जागा अपुरी पडली की कार्यप्रणाली सध्या न लागणारे भाग डिस्कवर हलवते व लागतील तेव्हा परत आणते. या भागाला 'पान' म्हणतात. १९८५ च्या ८०३८६ या प्रोसेसरमध्ये एक पान ४ किलोबाइटचे होते. आजच्या बहुतेक पीसींतही ते तेवढेच आहे. रॅममधून एखादा बाइट मिळण्यास ढोबळमानाने सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो, फिरत्या डिस्कवरून मिळण्यास सेकंदाचा शंभरावा. म्हणजे एक लाख पट फरक. पानांची ने-आण वाढली की यंत्र रखडते, मग डिस्क कितीही मोठी असो.

पुस्तकांत रॅमला फळ्याची व डिस्कला कपाटाची उपमा देतात. इथवर ती चालते. पण त्याच शाळेत नववीतील एका मुलीने विचारले, "दोन प्रोग्रॅमनी एकाच पत्त्यावर लिहिले तर?" फळ्याच्या उपमेत याला उत्तर नाही, कारण फळ्याला पत्तेच नसतात.

१९८१ च्या आयबीएम पीसीतील ८०८८ प्रोसेसरला पत्ता सांगणाऱ्या वीस तारा होत्या. म्हणून २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६ पत्ते. त्यांतील खालचे ६४० किलोबाइट प्रोग्रॅमना आणि वरचे ३८४ पडदा, रॉम इत्यादींना, अशी वाटणी झाली. ही वाटणी निसर्गनियम नव्हे, रचनाकारांचा निर्णय होता; पुढे यंत्रात जास्त रॅम आली तरी डॉसचे प्रोग्रॅम त्या ६४० मध्येच दाटीवाटीने राहिले. (आम्ही शिकत असताना 'कॉन्फिग.सिस' फाइलीत फेरफार करून चार-दोन किलोबाइट मोकळे करण्यात संध्याकाळ जाई.) डॉसमध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या जागेवर खरोखरच लिहू शकत असे आणि यंत्र गोठे.

आज तसे सहसा होत नाही. मुलुंड-घाटकोपरच्या प्रत्येक इमारतीत १०१ क्रमांकाची खोली असते. इमारत कळल्याशिवाय नुसता १०१ निरर्थक. तसे प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचे पत्ते असतात. त्यांची खरी जागा कार्यप्रणालीने राखलेल्या कोष्टकातून ठरते. दोघांचा १०१ एकच नसतो. इमारतीचा पुनर्विकास चालू असताना बिऱ्हाड दुसरीकडे राहते, कागदावरचा पत्ता मात्र तोच असतो, आणि परतल्यावर मजला बदललेला असू शकतो. डिस्कवर गेलेल्या पानाचेही असेच होते. फक्त येथे मुक्काम वर्षांचा नसून क्षणांचा असतो.

आणखी एक खटकणारी गोष्ट भाषांतराची. रॅमला 'यादृच्छिक प्रवेश स्मृती' म्हटल्याने मुलांना वाटते की माहिती तिथे कशीही, वाटेल तशी पडलेली असते. खरा अर्थ इतकाच की कोणत्याही पत्त्यावर सारख्याच वेळात पोचता येते. कॅसेटमधले सातवे गाणे ऐकण्यासाठी सहा गाणी ओलांडावी लागत, तसे येथे नाही. 'थेट प्रवेश' हा शब्द आम्हाला बरा वाटतो.

'रॉमवर लिहिता येत नाही' हे वाक्यही जुने झाले. पीसी सुरू करणारा बायॉस आता फ्लॅश स्मृतीत असतो व तो नव्याने लिहिता येतो. तक्त्याचा उजवा रकाना निदान तेवढा तरी दुरुस्त व्हावा.