‘स्मृतिचित्रे’ : सोवळे आणि विटाळ

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून मराठी समीक्षेने या ग्रंथाचे भरभरून कौतुक केले आहे. साधी भाषा, निर्मळ विनोद, लहरी नवऱ्याबरोबरचा सोशिक संसार, ही त्या कौतुकाची ठरलेली कलमे. हे गुण ग्रंथात आहेतच. परंतु एवढ्यावरच थांबून पांढरपेशा समीक्षेने त्यातला खरा स्फोटक ऐवज माजघरात ठेवून दिला, असे माझे मत आहे. एका ब्राह्मण बाईच्या मनातून जात कशी गेली, याची ही साक्ष आहे.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते कवी आणि पंडित. त्यांचे धर्मांतर वाचन-चिंतनातून घडले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली राहुरीस झाला. मधल्या पाच वर्षांतला त्यांचा झगडा ईश्वराच्या स्वरूपाविषयीचा कमी आणि चुलीचा व घागरीचा अधिक होता. पाणी कोणी भरायचे? कोणाच्या हातचे खायचे? सोवळे पोथीत असते त्याहून जास्त हातापायांत मुरलेले असते. माणसामाणसांतला उच्चनीच भेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले आणि त्यांनी तो टाकला. हे घडले बाप्तिस्म्याच्या आधी. आधी जात गेली, मग ख्रिस्त आला. हा क्रम समीक्षकांना महत्त्वाचा वाटला नाही. १९२७ च्या चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्याला मात्र तो लगेच कळतो. आत्म्याच्या मुक्तीची परीक्षा पाण्याच्या घोटाशी होते.

याच नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या काळात महार-मांगांनी मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांना समाज काय म्हणाला? पोटासाठी बाटले! ब्राह्मणाने धर्म बदलला की तो आत्म्याचा शोध. महाराने बदलला की भाकरीचा सौदा! लक्ष्मीबाईंची मुक्ती जर अन्नपाण्यापाशी सुरू होते, तर भुकेल्या महाराला माणूस म्हणून मिळालेली भाकर अध्यात्माबाहेरची कशी? एकच माप दोघांना लावले पाहिजे.

तरीही दोन्ही अनुभव सारखे नाहीत. लक्ष्मीबाईंनी टाकले ते सोवळे होते. महाराच्या वाट्याला आला होता विटाळ. सोवळे ज्याचे त्याला टाकता येते. विटाळ दुसऱ्याने लादलेला असतो, तो एकट्याने टाकून जात नाही. म्हणून तो चर्चच्या दारातूनही आत आला. भारतीय ख्रिस्ती समाजात जात टिकून राहिली, यावर बाबासाहेबांनी नेमके बोट ठेवले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलित आजही बाहेरच आहेत. गाव त्यांची जात विसरत नाही, कायदा तेवढा विसरतो.

‘स्मृतिचित्रे’ थोर आहे, याविषयी मला शंका नाही. पण ती पाणी पिणाऱ्या हाताची कहाणी आहे. पाणी देणाऱ्या हाताला त्या वेळी काय वाटले, हे त्या हातानेच लिहायला हवे. ते लेखन शोधणे, नसेल तर म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून लिहून घेणे, हे आपले काम आहे.