रसिकाची शिफारस आणि जॅझची ध्वनिमुद्रिका : एक समीक्षात्मक विचार

एखाद्या रसिकाने दुसऱ्या रसिकाला ‘हे अवश्य ऐका’ असे सांगणे ही संगीतव्यवहारातील अगदी साधी गोष्ट होय. तिला समीक्षेचा दर्जा सहसा दिला जात नाही. समीक्षा म्हणजे सिद्धान्त, परिभाषा आणि मूल्यनिर्णय, तर शिफारस म्हणजे आवडीनिवडीच्या गप्पा, अशी विभागणी आपण गृहीत धरलेली असते. जॅझ संगीताच्या संदर्भात ही विभागणी टिकत नाही. या संगीतात काय ध्वनिमुद्रित झाले, काय पुन्हा बाजारात आले आणि काय कायमचे हरवले, हे बऱ्याच अंशी रसिकांच्या शिफारशींनी ठरवले आहे. म्हणून समीक्षेला आपण जे प्रश्न विचारतो, तेच शिफारशीलाही विचारले पाहिजेत, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

जॅझमध्ये रचनेपेक्षा उत्स्फूर्त विस्ताराला महत्त्व असते. त्यामुळे केवळ गाण्याचे नाव सांगून शिफारस पूर्ण होत नाही. ‘बॉडी अँड सोल’ हे गीत असंख्य वादकांनी वाजवले. परंतु कोलमन हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी टेनर सॅक्सोफोनवर जे मुद्रित केले, ते मूळ चालीला सुरुवातीला जेमतेम स्पर्श करून गीताच्या बांधणीची दोन आवर्तने केवळ स्वतःच्या कल्पनेने भरून काढते. तेही सुमारे तीन मिनिटांत, कारण ७८ गतीच्या दहा इंची तबकडीवर त्याहून फारसे अधिक मावत नसे. (आपल्याकडील खयालगायकांनीही हीच शिक्षा भोगली. तबकडीवरील अब्दुल करीम खाँ ऐकताना ते विसरता येत नाही.) तेव्हा जॅझची शिफारस म्हणजे कोणी, कोणासोबत, कोणत्या दिवशी वाजवले याची शिफारस होय. चार्ल्स दलोने या फ्रेंच रसिकाने १९३६ मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ हा सूचिग्रंथ सिद्ध केला, तो याच गरजेतून. कोरड्या सूचीसारखे दिसणारे हे काम प्रत्यक्षात समीक्षेचा पाया होता.

न्यूयॉर्कमधील ‘कमोडोर’ हे दुकान या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. दुकानाचा चालक मिल्ट गॅब्लर हा मुळात रसिकच. बाजारातून नाहीशा झालेल्या तबकड्या ग्राहक पुन्हापुन्हा मागतात हे पाहून त्याने १९३० च्या दशकाच्या मध्यास मोठ्या कंपन्यांकडून त्यांचे पुनर्मुद्रण करून घेतले आणि तबकडीच्या लेबलवर सर्व वादकांची नावे छापली. वरवर किरकोळ वाटणारी ही कृती माझ्या मते जॅझ-समीक्षेतील एक महत्त्वाची घटना आहे. तोवर वाद्यवृंदाच्या प्रमुखाच्या नावाखाली झाकलेला ट्रॉम्बोनवादक किंवा ढोलवादक आता श्रोत्याला नावाने ओळखता येऊ लागला आणि त्याच्यासाठी दुसरी तबकडी शोधता येऊ लागली. पुढे १९३८ मध्ये गॅब्लरने स्वतःची ध्वनिमुद्रिकासंस्था काढली. कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्येवरील ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत मुद्रित करण्यास कोलंबिया कंपनी तयार नव्हती. बिली हॉलिडेने ते १९३९ मध्ये कमोडोरसाठी गायले. दुकानातल्या गप्पांतून उभ्या राहिलेल्या संस्थेने मोठ्या कंपनीने टाळलेले गीत जगासमोर आणले.

तथापि रसिकाचे प्रेम नेहमीच असे उपकारक असते असे नाही. रॉस रसेल हाही हॉलिवूडमधील दुकानदार-रसिक. त्याने १९४६ मध्ये ‘डायल’ ही संस्था काढली, ती प्रामुख्याने चार्ली पार्करच्या वादनासाठी. त्याच वर्षी २९ जुलैला पार्कर अत्यंत विकल अवस्थेत स्टुडिओत आला. ‘लव्हर मॅन’ या मुद्रणात पियानोची प्रस्तावना संपते, तरी सॅक्सोफोन येत नाही. तो उशिरा येतो आणि अडखळत, तुटक वाक्यांनी पुढे सरकतो. त्यानंतर पार्करला कॅमारिलो येथील मनोरुग्णालयात सुमारे सहा महिने काढावे लागले. रसेलने मात्र ते मुद्रण प्रकाशित केले आणि पार्करला ते कधीच रुचले नाही. आजही ‘वेदनेचा अस्सल आविष्कार’ म्हणून त्याची शिफारस होते. ते वादन अस्वस्थ करणारे आहे हे मान्य. पण कलावंताच्या इच्छेविरुद्ध जपलेली त्याची मोडलेली घटका आणि त्याने घडवलेली कलाकृती यांतील भेद शिफारस करणाऱ्याने पुसून टाकू नये. ‘लव्हर मॅन’ ऐकायला सांगायचे असेल, तर २६ नोव्हेंबर १९४५ चे ‘को-को’ आधी ऐकवले पाहिजे आणि त्या जुलैमध्ये काय घडले हेही सांगितले पाहिजे.

डीन बेनेडेटीचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. स्वतः सॅक्सोफोनवादक असलेल्या या चाहत्याने १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबांत, आधी तबकड्यांवर आणि नंतर फितीवर, पार्करचे वादन टिपले. त्याचे लक्ष एकट्या पार्करवर होते. पार्करचे एकल वादन संपले की बहुधा यंत्र बंद होई. इतरांची एकल वादने त्यामुळे निसटून गेली. बेनेडेटी १९५७ मध्ये निवर्तला आणि हा संग्रह १९९० मध्ये मोझॅक कंपनीने सात सीडींच्या संचात प्रसिद्ध केला. तो ऐकताना कृतज्ञता आणि चीड एकाच वेळी दाटून येतात. सॅक्सोफोनच्या वाक्याला ट्रंपेटने काय उत्तर दिले, हे ऐकू येण्याच्या आधीच आवाज तुटतो. जे संगीत परस्परसंवादावर उभे आहे, त्यातून एकाच वक्त्याची वाक्ये उरली. शिफारस म्हणजे निवड आणि निवड म्हणजे वगळणे, हे इतक्या शब्दशः क्वचितच दिसते.

अलीकडच्या ‘जॅझची सुरुवात येथून करा’ छापाच्या याद्या बेनेडेटीपेक्षा सौम्य, पण त्याच वृत्तीच्या असतात. त्यांत माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चे स्थान ठरलेले. या मुद्रिकेच्या थोरवीबद्दल वाद नाही. परंतु तिच्या पहिल्या बाजूवरील २ मार्च १९५९ चे मुद्रण टेपयंत्राच्या मंद गतीमुळे तबकडीवर मूळ स्वरापेक्षा किंचित चढे उतरले होते आणि ही चूक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. दुरुस्तीपूर्वी याद्यांच्या अग्रभागी तेच नाव होते, दुरुस्तीनंतरही तेच राहिले आणि शिफारशीच्या शब्दांतही फरक पडला नाही. यादी नाव पुढे देते, ऐकणे पुढे देत नाही. त्या नावाखाली बिल एव्हान्सच्या पियानोकडे लक्ष द्यावे की पॉल चेंबर्सच्या बासकडे, हे सांगण्याचे कष्ट ती घेत नाही.

याउलट, चांगली शिफारस जागा दाखवते. लुई आर्मस्ट्राँगच्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ (२८ जून १९२८) बद्दल सर्वजण आरंभीच्या एकट्या ट्रंपेटची महती सांगतात. जाणता रसिक मात्र म्हणेल, अर्ल हाइन्सचा पियानो संपेपर्यंत थांबा, कारण त्यानंतर आर्मस्ट्राँग एकच वरचा स्वर जवळजवळ चार मापे धरून ठेवतो आणि आरंभीच्या चपळाईचा अर्थ तिथे कळतो. तो जोड्याही लावून देतो. थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन यांची कार्नेगी हॉलमधील २९ नोव्हेंबर १९५७ ची मैफल व्हॉइस ऑफ अमेरिकाने टिपली होती. ती फीत २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. तिच्याशेजारी कोल्ट्रेनच्या पत्नी नाइमा यांनी १९५८ मध्ये फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये साध्या यंत्रावर केलेले धूसर मुद्रण ठेवावे. बासवादक अहमद अब्दुल-मलिक दोन्हीकडे तोच. ढोलावर मात्र कार्नेगीत शॅडो विल्सन आणि क्लबमध्ये रॉय हेन्स. ढोल बदलल्याने कोल्ट्रेनची वाक्ये कशी बदलतात, हे कोणत्याही क्रमवारीतून कळणार नाही.

या साऱ्याचा मराठी वाचकाशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. तो संबंध लेबलवरील नावांचा आहे. १९४९ च्या ‘महल’मधील लता मंगेशकरांच्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव म्हणून पडद्यावरील पात्राचे, ‘कामिनी’ असे नाव छापले होते. जिथे गायिकेची ही गत, तिथे वादकांची काय कथा! मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे अनेक गोमंतकीय वादक त्याच काळात चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवत होते. त्यांतील ट्रंपेटवादक अँटोनिओ झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता. ‘अलबेला’ (१९५१) मधील गाणी महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आल्या, आणि ती चितळकरांची म्हणून योग्य तऱ्हेने नावाजली गेली. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या ग्रंथाने मुंबईच्या या जॅझ-परंपरेची नावे एकत्र आणली, तरी आपल्या ऐकण्यात ती अद्याप उतरलेली नाहीत. ‘शोला जो भडके’ पुन्हा ऐकावे, शब्द काही काळ बाजूला ठेवावेत आणि गायनाच्या ओळींमधल्या मोकळ्या जागांत पितळी वाद्ये काय बोलतात तिकडे कान द्यावा. नंतर आर्मस्ट्राँगची १९३० च्या दशकातील कोणतीही मोठ्या वाद्यवृंदासह केलेली तबकडी लावावी. चिक चॉकलेटला ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ का म्हणत, आणि त्या उपाधीत त्याचे स्वतःचे किती झाकले गेले, हे या क्रमाने ऐकल्यास स्पष्ट होते.