मडक्याचे चिन्ह आणि वहीचा कागद

जून महिन्यात वह्यांचे गठ्ठे शाळेत येतात, तेव्हा त्यांच्या मलपृष्ठांवर एकदा नजर टाकावी. हिरवे पान, एकमेकांचा पाठलाग करणारे तीन बाण, ‘झाडे वाचवा’, ‘पर्यावरणस्नेही कागद’, ‘क्लोरीनमुक्त’ असा बराच मजकूर तेथे सापडतो. यांतले पुष्कळसे शिक्के उत्पादकाने स्वतःच स्वतःला दिलेले असतात. तीन बाणांची खूण १९७० साली गॅरी अँडरसन या अमेरिकी विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढली. तिच्यावर कोणाची मालकी नाही. त्यामुळे ती छापण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि ती छापली म्हणून काही सिद्धही होत नाही.

त्रयस्थ संस्थेने तपासून दिलेले पर्यावरण-चिन्ह ही याहून वेगळी गोष्ट आहे. असे चिन्ह भारताने फेब्रुवारी १९९१ मध्येच जाहीर केले होते. त्याचे नाव ‘इकोमार्क’, आणि खूण मातीचे मडके. साबण, रंग, विद्युतघट, कापड यांच्याबरोबर कागदाचाही त्यात समावेश होता. तरीही तीन दशकांत हे मडके वहीवर पाहिल्याचे सांगणारा शिक्षक विरळाच. असे का झाले, आणि ते दिसले असते तरी त्यावर किती विसंबता आले असते, हे दोन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत.

मडके निवडण्यामागचा सरकारी खुलासा असा होता : माती हे निसर्गातले साधन, मडके घडवताना ऊर्जा थोडी लागते, घातक कचरा होत नाही. कल्पना सुरेख आहे. (रसायनशास्त्राच्या शिक्षकाला येथे थोडे खटकेल. सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास मातीतील खनिजांचे बद्ध पाणी निघून जाते आणि भाजलेले खापर पुन्हा मळता येत नाही. उत्खननात हजारो वर्षांपूर्वीची खापरे सापडतात ती त्यामुळेच.) पण खरी परीक्षा खुणेची नसून निकषांची आहे.

लिहिण्याच्या व छपाईच्या कागदासाठी इकोमार्कचा मुख्य निकष कच्च्या मालाचा होता. लगद्यापैकी किमान ६० टक्के भाग बांबू, कठीण लाकूड, मऊ लाकूड आणि बोरू-वेत जातीचे गवत सोडून इतर पदार्थांचा, म्हणजे रद्दी, उसाचे चिपाड, पेंढा, चिंध्या अशांचा हवा. या यादीत बांबू का आला, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. स्वातंत्र्यानंतर कागद गिरण्यांना सरकारी जंगलांतला बांबू जवळजवळ फुकट मिळत असे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील गिरणीला तो टनाला दीड रुपया या दराने दिला गेल्याचे माधव गाडगीळ यांनी दाखवून दिले आहे. त्याच बांबूवर टोपल्या विणणारे बुरूड मात्र बाजारभावाने तो विकत घेत. जंगलावरचा हा भार कमी व्हावा, हा हेतू रास्तच होता. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनेही उद्योगांना नैसर्गिक जंगलातून सवलतीत माल देऊ नये असे म्हटले.

परंतु त्यानंतर परिस्थिती बदलली. भारतीय गिरण्यांना आज लागणारे लाकूड मोठ्या प्रमाणात शेतकऱ्यांनी पीक म्हणून लावलेल्या सुबाभूळ, निलगिरी, सुरू यांचे असते. असे झाड चार-पाच वर्षांनी तोडले, तर जंगल तुटत नाही. कापूस वेचला म्हणून कपाशीची जात नष्ट होत नाही, तसेच हे. ‘या वहीने इतकी झाडे वाचवली’ हे वाक्य अशा वेळी निरर्थक ठरते. शेतातला बांबू आणि अभयारण्याच्या कडेचा बांबू यांना एकाच मापाने मोजणारा निकष मूळ हेतूपासून दूर गेला, असेच म्हणावे लागेल.

याहून मोठी उणीव पुढे आहे. निकषाने धाग्याचा उगम पाहिला, धागा वेगळा करण्याची रीत पुरेशी पाहिली नाही. पेंढा किंवा चिपाड कॉस्टिक सोड्यात शिजवले की लिग्निन विरघळून निघते आणि सेल्युलोजचे तंतू उरतात. मागे राहते ते काळे द्रव. मोठी गिरणी ते आटवून जाळते. त्यातून वाफ मिळते आणि सोडा परत मिळतो. लहान गिरणीला ही यंत्रणा परवडत नाही. त्यात भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर. ती अल्कलीत विरघळून द्रव चिकट करते आणि यंत्रात खपल्यांसारखी साचते. (चिपाडात हा त्रास पुष्कळ कमी.) मग काळे द्रव जाते कोठे? ओढ्यात. म्हणजे ज्या कागदाने एकही झाड तोडले नाही, तोच नदीच्या दृष्टीने सर्वांत वाईट कागद असू शकतो.

योजनेचे समर्थक म्हणतील की प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि जल व वायू कायद्यांचे पालन या अटी इकोमार्कमध्ये होत्याच. होत्या, पण या अटी प्रत्येक गिरणीला कायद्यानेच बंधनकारक आहेत. वर्गात रोज हजर राहतो म्हणून कोणी गुणवत्ता यादीत येत नाही. पर्यावरण-चिन्हाने कायद्यापेक्षा अधिक काय केले ते सांगायला हवे : टनामागे किती पाणी लागले, विरंजनासाठी काय वापरले, सांडपाण्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये किती गेली.

महाराष्ट्राच्या वाचकांना चिपाडाचा हिशेबही तपासून पाहता येईल. चिपाड हा ‘टाकाऊ’ पदार्थ समजला जातो, पण साखर कारखान्याच्या बॉयलरचे ते इंधन आहे आणि आता त्यावर वीजही तयार होते. ते कागदाला दिले, तर कारखान्याला दुसरे इंधन लागणार. तमिळनाडूत करूरजवळच्या सरकारी कागद गिरणीने साखर कारखान्यांना चिपाडाच्या बदल्यात वाफ पुरवण्याची व्यवस्था केली, ती याचसाठी. ही वाफ कोळशावर तयार झाली, तर त्याचा धूर कोणाच्या खात्यावर टाकायचा? साठ टक्क्यांच्या निकषात याला जागा नाही.

इतर चिन्हांचीही हीच गत. ‘क्लोरीनमुक्त’ म्हणजे बहुधा मूलद्रव्यरूप क्लोरीन वायू वापरला नाही, एवढेच. त्याऐवजी क्लोरीन डायऑक्साइड वापरलेला असतो. त्याने डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये खूपच कमी होतात, ही मोठी सुधारणा आहे. पण शब्दाचा सरळ अर्थ तो नव्हे. १९९३ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिलचे झाडाचे चिन्ह जंगलाच्या व्यवस्थापनाबद्दल आणि तेथून वहीपर्यंतच्या साखळीबद्दल सांगते. गिरणीच्या सांडपाण्याबद्दल त्याचे म्हणणे काही नाही.

आता मडके का दिसले नाही ते पाहू. चिन्हासाठी आधी भारतीय मानकाची गुणवत्ता सिद्ध करायची, मग पर्यावरणाचे निकष, आणि दोन्हींचा खर्च. एवढे करून ग्राहक काही जास्त पैसे देणार नाही, कारण त्याला हे चिन्ह ठाऊकच नाही. सरकार स्वतः कागदाचा प्रचंड मोठा ग्राहक. त्याने आपल्या खरेदीत इकोमार्कचा आग्रह धरला असता तर चित्र बदलले असते. तो धरला गेला नाही, आणि परवाने घेणारे उत्पादक मोजकेच राहिले. जर्मनीत ‘निळा देवदूत’ हे चिन्ह १९७८ पासून आहे. ते मिळालेला पुनर्निर्मित कागद पूर्णपणे रद्दीचा असतो आणि शाळेच्या वह्यांवरही ते दिसते. तेथे निकष ठरावीक काळाने कडक केले जातात. आपल्याकडे अटी आणि परिस्थिती यांची फारकत होत गेली.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने इकोमार्कचे नवे नियम जाहीर केले. अंमलबजावणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, भारतीय मानक ब्यूरोच्या सहकार्याने. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘हिरवा’, ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम दावे पुराव्याविना करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दोन्ही पावले स्वागतार्ह. मात्र निकष मोजण्याजोगे नसतील आणि शाळा, पाठ्यपुस्तक मंडळे, सरकारी कचेऱ्या चिन्ह पाहून खरेदी करणार नसतील, तर १९९१ चीच पुनरावृत्ती होईल.

खरेदीत आणखी एक अडथळा आपण शिक्षकच निर्माण करतो. दरपत्रक मागवताना ‘शुभ्र कागद’ ही अट हमखास असते. ही शुभ्रता विरंजनाने आणि अतिनील किरण शोषून निळा प्रकाश देणाऱ्या चकाकी-द्रव्यांनी येते. नोटा तपासायचा अतिनील दिवा अंधाऱ्या खोलीत वहीच्या पानावर धरावा (दिव्याकडे थेट पाहू नये). असे द्रव्य घातलेला कागद निळसर उजळतो; ते न घातलेल्या रद्दीच्या कागदावर मात्र जुन्या कागदातले सुटे तंतू ठिपक्यांसारखे चमकताना दिसतात. मलपृष्ठावर ‘पुनर्निर्मित’ छापलेल्या दोन-तीन वह्या आणि एक शुभ्र वही शेजारी ठेवून आठवी-नववीच्या मुलांनी हे पाहावे, आणि मग दावा करणाऱ्या उत्पादकाला रद्दीचे प्रमाण आणि परवाना क्रमांक विचारणारे पत्र लिहावे.